रंगभूषेचा स्पंज: स्वस्त आणि महाग

चेहऱ्यास लावावयाचें फाउंडेशन बोटांनीं चोळण्याऐवजीं अंड्याच्या आकाराच्या लहानशा स्पंजानें बसविण्याची चाल आतां शहरांतून सर्वत्र रूढ झाली आहे. दुकानांत मात्र गिऱ्हाइकाची पंचाईत होते. एक स्पंज शंभर-दीडशे रुपयांस मिळतो, शेजारच्याची किंमत त्याच्या कितीतरी पट. आणि दिसावयास दोन्ही सारखेच! मग जास्तीचे पैसे जातात कशास?

हा स्पंज मूळचा अमेरिकेंतील लॉस एंजलिसचा. तेथें दूरचित्रवाणीच्या मालिकांत नवे, बारीकसारीक टिपणारे कॅमेरे आले, तेव्हां चेहऱ्यावरील रंगाच्या रेघा उघड्या पडूं लागल्या. त्रिकोणी स्पंजाच्या कडाच त्या रेघा उमटवीत. रिया ॲन सिल्वा या रंगभूषाकार बाईंनीं त्या कडा कापून स्पंजास गोलाई दिली. त्यांतूनच पुढें ‘ब्यूटीब्लेंडर’ बाजारांत आला. त्याची अमेरिकेंतील किंमत सुमारें 20 डॉलर. ‘रिअल टेक्निक्स’चा एका बाजूनें सपाट कापलेला नारिंगी स्पंज त्याच्या निम्म्याहूनही कमी किंमतीस मिळतो.

गुण आकारापेक्षां पाण्यांत आहे. स्पंज भिजवून पिळला म्हणजे त्याचीं छिद्रें पाण्यानें भरतात, तो फुगतो व मऊ होतो. मग फाउंडेशन आंत न मुरतां पृष्ठभागावर राहतें आणि हलकेंच टिपलें असतां त्वचेवर उतरतें. कोरडा स्पंज तेंच फाउंडेशन पिऊन टाकतो. परीक्षा घरींही करतां येते. कोरडा स्पंज कागदावर ठेवून भोंवतीं पेन्सिलीनें रेघ ओढावी; मग भिजवून, पिळून पुन्हां तेथेंच ठेवावा. चांगला स्पंज रेघेबाहेर चांगलाच जातो. हलका मात्र बहुधा जागचा हालत नाहीं, रबरी चेंडूसारखा टणक राहतो आणि थोड्याच धुण्यांत त्याचे तुकडे पडूं लागतात. रोज वापरणारीस मधल्या किंमतीचा पुरेसा आहे. सर्वांत महाग घ्यावा तो रंगभूषेचा व्यवसाय करणारीनें.

पावडरीच्या पफवर ज्यांची पिढी निभावली, त्यांस हा सारा खटाटोप वाटेल. पण खरा धोका निराळाच आहे. बर्मिंगहॅमच्या ॲस्टन विद्यापीठांतील संशोधकांनीं 2019 सालीं वापरांतील प्रसाधनें तपासलीं, तेव्हां सर्वांत अधिक जंतु या स्पंजांतच निघाले. 93 टक्के स्पंज कधींच धुतलेले नव्हते. 64 टक्के केव्हांतरी जमिनीवर पडलेले होते! 20 डॉलर दिले म्हणून ओलसर स्पंजांत जंतु वाढावयाचे थांबत नाहींत. उलट, महाग वस्तु टाकवत नाहीं, म्हणून तीच वर्षभर चेहऱ्यावर फिरते.

वापरल्यावर सौम्य साबणानें, पाणी स्वच्छ निघेपर्यंत स्पंज धुवावा व मोकळ्या हवेंत वाळवावा; ओला डबींत कोंडूं नये. मुंबई-कोंकणच्या पावसाळ्यांत तो रात्रभरांतही वाळत नाहीं, म्हणून तेथें दोन स्पंज आलटून पालटून वापरणें सोयीचें. तीन महिन्यांनीं, किंवा वास अगर काळे ठिपके दिसल्यास त्याआधींच, तो टाकून द्यावा. घेतल्याची तारीख डबीवर लिहून ठेवली म्हणजे हिशेब चुकत नाहीं.