हायवेलगतचं घर आणि गॅलरीचा कठडा

नांदगाव तिठ्यावरून देवगडचा रस्ता फुटतो. तिथे ट्रक आणि एसटी वेग कमी करतात, मग पुन्हा गिअर टाकून पुढे जातात. हायवे चौपदरी झाला, शिवाय जवळून कोकण रेल्वेही जाते. आखातातल्या कमाईवर आपल्याकडे जी नवी घरं उभी राहतात ती बहुतेक स्लॅबची, दुमजली आणि रस्त्याकडे तोंड करून. पुढे गॅलरी, तिला चकचकीत स्टीलचं रेलिंग आणि तिच्या मागे बेडरूम. त्याच खोलीत दहावीचं पोर अभ्यासाला बसतं आणि रात्री अब्बांना झोप लागत नाही.

२००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत राहत्या वस्तीसाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे. रात्र म्हणजे १० ते सकाळी ६. रस्ता काही आपण हलवू शकत नाही. गॅलरी मात्र आपल्या हातात आहे.

आवाज सरळ रेषेत येतो तेव्हा सगळ्यात जोरात येतो. मध्ये भरीव आडोसा आला की त्याला वरून वळून यावं लागतं आणि त्यात तो कमजोर होतो. रेलिंगच्या दांड्यांमधून तो सरळ आत शिरतो, म्हणून रेलिंगचा उपयोग शून्य. पलंगावर बसून बघा, रस्त्यावरच्या गाडीचे टायर दिसतात का? दिसत असतील तर आवाजाची वाट मोकळी आहे. साडेतीन-चार फुटांचा भरीव कठडा ही वाट अडवतो. वरच्या मजल्यावर त्याचा फायदा जास्त, कारण आवाज खालून येतो. घरातल्या बायकांना गॅलरीत निवांत बसता येतं, हा वेगळा फायदा.

पण जुन्या, बाहेर काढलेल्या स्लॅबवर चिऱ्याचा कठडा चढवू नका. वजन पेलेल की नाही हे इंजिनिअरला विचारल्याशिवाय तर नाहीच. आठ-दहा मिलिमीटरचं सिमेंट शीट रेलिंगला आतून घट्ट बसवलं तरी काम होतं. फट मात्र राहता कामा नये. पावसाचं पाणी जायला खाली पाइप ठेवायचा, सबंध लांबीची खाच नाही.

आता वरचं छत. याकडे कोणाचंच लक्ष जात नाही. खालून आलेला आवाज गॅलरीच्या गुळगुळीत छतावर आपटतो आणि तिथून खाली दारातून आत येतो. कठडा बांधूनही फरक पडला नाही असं लोक म्हणतात, त्यामागे बऱ्याचदा हे छत असतं. परदेशात छताची बाहेरची कड उंच ठेवून आवाज बाहेर परतवतात. आपल्या पावसात तसं केलं तर जून-जुलैत गॅलरीत तळं होईल! त्यापेक्षा छताला आवाज शोषणारं काहीतरी लावावं. लाकडाच्या भुशाचे नव्हे, लाकडी तंतू आणि सिमेंटचे बोर्ड मिळतात, ते ओल सोसतात. काथ्याचे जाड थरही आवाज शोषतात, मागे दोन बोटं पोकळी ठेवली तर जास्तच. फक्त काथ्या पेट घेतो, म्हणून चूल, गॅस, वायरिंग यांच्याजवळ नको. टायरची सळसळ आणि हॉर्नचा कर्कशपणा यामुळे कमी होतो, ट्रकच्या इंजिनाची घरघर तेवढी कमी होत नाही.

हाँगकाँगमध्ये सरकारी वसाहतींत अशाच बाल्कन्या मुद्दाम बांधल्या आहेत, भरीव कठडा आणि आत शोषक थर. दहा डेसिबल उतरले की कानाला आवाज साधारण निम्मा वाटतो. घरगुती उपायांनी बहुतेकदा त्याहून कमी उतरतो, पण रात्रीच्या झोपेला तेवढाही पुरतो.

अंगणात पाच-सहा झाडं लावली की आवाज थांबतो, असा समज आहे. झाडं लावाच, सावली मिळते, पण आवाज पानांमधून आरामात येतो. त्यापेक्षा चिऱ्याचा उंच गडगा तळमजल्याला उपयोगी.

घर अजून नकाशावरच असेल तर बेडरूम मागच्या दाराकडे घ्या आणि रस्त्याच्या बाजूला जिना, संडास-बाथरूम ठेवा. हा बदल कागदावर फुकट होतो, स्लॅब पडल्यावर नाही.