तेजोमेघाचा रंग आणि आरशांचे समाक्षीकरण

मृगातील तेजोमेघ दुर्बिणीतून डोळ्यास हिरवट दिसतो, छायाचित्रात मात्र तांबडा उमटतो. पुण्याच्या महाराजा तख्तसिंगजी वेधशाळेत नायगमवाला यांनी १८९१ मध्ये त्याच्या वर्णपटातील ज्या मुख्य हिरव्या रेषेचा अभ्यास केला, ती आयनित ऑक्सिजनची असल्याचे बोवेन यांनी १९२७ मध्ये दाखविले. तांबडी रेषा हायड्रोजनची, ६५६.३ नॅनोमीटरची होय. दोन्ही रंग खरेच. प्रश्न आहे तो त्यांच्या प्रमाणाचा.

हे प्रमाण मोजण्यापूर्वी दुर्बिणीचे आरसे एका अक्षावर आणावे लागतात. तेजस्वी तारा दृष्टिक्षेत्राच्या मध्यावर ठेवून प्रतिमा किंचित अस्पष्ट केली की वलये दिसतात. ती एककेंद्री होईपर्यंत मुख्य आरशामागील स्क्रू फिरवावेत, आणि दर खेपेस तारा पुन्हा मध्यावर आणावा. (नवशिके नेमके हेच विसरतात.) अन्यथा ताऱ्यांना शेपट्या फुटतात, शेजाऱ्यांचा प्रकाश परस्परांत मिसळतो आणि मापनच बिघडते.

मुकुंदवाडीसारख्या नागरी वस्तीत दिव्यांचा उजेड चित्रात मिळविला जातो. तो प्रथम वजाच केला पाहिजे. वातावरण मात्र निळा प्रकाश ठराविक प्रमाणात घटविते. येथून धनू राशीतील लगून तेजोमेघ सुमारे ४६ अंशांपेक्षा वर चढत नसल्याने ही घट जाणवते. तिची भरपाई गुणाकाराने होते, व त्यासाठी त्याच चित्रातील ताऱ्यांचे रंग गाया उपग्रहाच्या मापनांशी ताडले जातात.

तरीही एक उणीव उरते. ताऱ्याचा वर्णपट अखंड, तेजोमेघाचा मोजक्या रेषांचा. साध्या कॅमेऱ्यातील अवरक्तरोधक गाळणी हायड्रोजनचा बराचसा तांबडा प्रकाश अडविते; तेव्हा तारे बिनचूक रंगले तरी मेघ फिकाच राहतो. गाळणी बदलल्यावाचून त्यास उपाय नाही.