कांट्याला न दिसणारा बदल

आमच्या न्हाणीघराच्या दाराशीं वजनाचा कांटा ठेवलेला आहे, आणि घरांतील प्रत्येक माणूस जातां-येतां त्यावर उभें राहून स्वतःविषयीं बरेंवाईट मत बनवीत असतें. माझ्या पुतणीचें स्वतःविषयींचें मत उत्तम होतें. वय २२, उंची ५ फूट २ इंच, वजन ५१ किलो. व्यायामाचा विषय निघाला कीं सासूबाई म्हणत, "काडीसारखी पोर ही, हिला कसला मेला व्यायाम?" सी. ए.च्या परीक्षेचा अभ्यास म्हणजे दिवसाचे दहा तास खुर्चीवर. उरलेला वेळ जेवण, झोंप आणि मोबाईल यांचा. तिसऱ्या मजल्यावर येतांना मात्र ही काडी मधल्या वळणावर कठडा धरून उभी राहत असे. गेल्या दिवाळीनंतर एका आरोग्यशिबिरांत यंत्रावर तपासणी झाली, आणि तिच्या शरीरांत शेंकडा ३६ भाग चरबी असल्याचें निघालें. घरांत प्रथम हंशा झाला, मग सर्व गंभीर झाले.

वजन बेताचें आणि चरबी अधिक, हें कोडें पुणेकरांना नवें नाहीं. के. ई. एम. रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनीं २००४ सालीं 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकांत आपलें व आपले ब्रिटिश सहकारी डॉ. जॉन युडकिन यांचें छायाचित्र शेजारीं शेजारीं छापलें. उंचीच्या मानानें वजनाचा जो अंक काढतात, ज्याला बॉडी मास इंडेक्स म्हणतात, तो दोघांचाहि २२.३, परंतु युडकिन यांच्या शरीरांत चरबी ९.१ टक्के, तर याज्ञिकांच्या शरीरांत २१.२ टक्के! पुण्याजवळच्या खेड्यांत जन्मलेल्या अर्भकांचीं मापें याज्ञिकांच्या चमूनें घेतलीं, तेव्हां तीं सरासरी २.७ किलोंचीं, म्हणजे इंग्लंडमधील ३.५ किलोंच्या अर्भकांहून पुष्कळच लहान आढळलीं. आणि तरीहि त्यांची उणीव मुख्यतः स्नायूंची होती, चरबीची तितकीशी नव्हती. असें शरीर घेऊन जन्मलेली मुलगी पुढें दहा तास खुर्चीवर बसली, तर नजरेला ती सडपातळच दिसावयाची. २०२२ सालीं भारतांतील प्रौढ स्त्रियांपैकीं सुमारें ५७ टक्के स्त्रियांची शारीरिक हालचाल अपुरी होती, असा जागतिक आरोग्य संघटनेच्या संशोधकांचा अंदाज आहे. पुरुषांचें प्रमाण ४२ टक्के. (पूर्वींच्या बायका जात्यावर दळीत म्हणून धडधाकट होत्या, असें मीं म्हणणार नाहीं. त्यांतल्या कितीतरी नुसत्या दमलेल्या होत्या.)

व्यायामशाळेची वर्गणी, जाण्यायेण्याचा वेळ आणि परक्या माणसांसमोर उड्या मारण्याचा संकोच, या तिन्ही अडचणी टाळून घरच्या घरीं काय करतां येईल याचा शोध घेतांना आम्ही 'सर्किट ट्रेनिंग'पर्यंत आलों. इंग्लंडांतील लीड्स विद्यापीठांत मॉर्गन आणि अ‍ॅडमसन यांनीं १९५३ च्या सुमारास ही पद्धति बसविली. व्यायामाचे निरनिराळे प्रकार वर्तुळांत मांडावयाचे आणि एकावरून दुसऱ्यावर जात फेरी पुरी करावयाची. विश्रांति थोडी, आणि ज्याचें मान त्याच्या शक्तीप्रमाणें. उपकरणें नसलीं तरी चालतें. आपल्या देहाचा भार हेंच वजन. कॅनडांतील मॅकमास्टर विद्यापीठानें २०२१ सालीं प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, बैठ्या संवयीच्या तरुण मंडळींनीं अशाच साध्या व्यायामाची अकरा मिनिटें आठवड्यांतून तीनदां सहा आठवडे केलीं, आणि त्यांचा दम वाढला.

"मग नमस्कारांत काय कमी आहे?" हा सासूबाईंचा प्रश्न रास्त होता. औंधचे अधिपति भवानराव पंतप्रतिनिधि यांनीं सूर्यनमस्कारांचा जो प्रसार केला, त्याची आठवण त्यांच्या माहेरीं अजून ताजी आहे. नमस्कार हीहि एक प्रकारची फेरीच; खांदे, छाती व पाठ यांना ती उत्तम. परंतु मांड्यांवर व नितंबांवर, म्हणजे देहांतील सर्वांत मोठ्या स्नायूंवर, तिचा भार बेताचाच पडतो. म्हणून आरंभीं चार नमस्कार घालावयाचे आणि मग फेरी, असा तह झाला.

फेरी अशी: खुर्चीच्या कडेला टेकून उठण्याच्या बैठका, ओट्यावर हात टेकून जोर, पायरीवर चढउतार, उताणें निजून कंबर उचलणें, कोपरांवर देह फळीसारखा ताठ धरणें, आणि जागच्या जागीं धांवणें. प्रत्येकास तीस सेकंद, मध्यें तितकीच विसांवा. अशा तीन फेऱ्या, आठवड्यांतून तीन दिवस. सर्व मिळून वीस-बावीस मिनिटें. पुढें ओट्यावरचे जोर पलंगावर आणि मग जमिनीवर आणावयाचे. या पद्धतींत ओढण्याचें काम होत नाहीं, हें तिचें वैगुण्य. त्यासाठीं पुस्तकांनीं भरलेली पिशवी वांकून कंबरेपर्यंत ओढण्याची तोड आम्ही काढली. पहिल्याच दिवशीं उत्साहाच्या भरांत पोरीनें पांच फेऱ्या केल्या, आणि नंतर दोन दिवस जिना ती कठड्याला लोंबकळत उतरली!

खरी कसोटी तिसऱ्या आठवड्यांत लागली. कांटा खालीं जाण्याऐवजीं सहाशें ग्रॅमनीं वर गेला. दुखावलेले स्नायू पाणी धरून ठेवतात, मासिक पाळीच्या आधींहि पाणी सांठतें. चरबीचा त्यांत कांहीं संबंध नव्हता. परंतु तिनें कांट्याचें ऐकलें आणि रात्रीचें जेवण सोडलें. मला सर्वांत धास्ती वाटते ती याच पायरीची. उपासानें वजन उतरतें खरें, पण चरबीबरोबर स्नायूहि झिजतो, म्हणजे ज्याच्यासाठीं जोर काढावयाचे तेंच हातचें जातें. मीं तिच्यासमोर कागदावर हिशेब मांडला. एक किलो चरबींत सुमारें ७७०० कॅलरी. वीस मिनिटांच्या फेरींत शंभर-सव्वाशें खर्च होतात. बेसनाचा एक लाडू त्या भरून काढतो. या गतीनें लाडू न खातांहि एक किलो उतरण्यास पांच महिने लागावेत. मग लाभ कोणता? रक्तांतील साखर सांठविण्याचें सर्वांत मोठें कोठार स्नायू हेंच आहे. आणि हाडांची शिल्लक तिशीपर्यंतच वाढते, पुढें ती नुसती खर्ची पडते.

जेवण सुरू झालें, पण ताटाकडे पाहून माझीच मान खालीं गेली. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशीप्रमाणें ५५ किलो वजनाच्या स्त्रीस दररोज सुमारें ४६ ग्रॅम प्रथिनें हवींत. आमच्याकडे पुरुषमंडळी आणि मुलें आधीं जेवतात. आम्हां बायकांच्या पानांत उसळीचा रस आणि वरणाचा तळ येतो. पुतणी अभ्यासामुळें आमच्याच पंगतीला. आतां तिची उसळ आणि दह्याची वाटी थोरल्या जाऊबाई आधींच बाजूला काढून ठेवतात; मामंजींनीं एकदां भुंवई उंचावली, बोलले मात्र कांहीं नाहींत.

तरीहि तिची धांप कमी होईना. डॉक्टरांनीं रक्त तपासलें, हिमोग्लोबिन ९.८. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत, २०१९ ते २१ या काळांत, १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला होता. इतकीं वर्षें जिला आम्ही आळशी म्हणत होतों, तिच्या रक्तांतच प्राणवायु वाहण्याची शक्ति अपुरी होती. लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या आणि फेऱ्या पंधरा दिवस निम्म्यावर आणल्या.

बारा आठवडे संपले तेव्हां वजन भरलें ५१.४ किलो. कंबरेचा घेर मात्र ८१ सेंटिमीटरांवरून ७७ वर आला होता. भारतीय स्त्रीसाठीं ८० ही धोक्याची रेषा समजतात. पुन्हां त्याच यंत्रावर चरबी ३३ टक्के दिसली. पण शरीरांतील पाण्याप्रमाणें या यंत्राचे आंकडे हलतात, म्हणून त्यावर मी फारशी भिस्त ठेवीत नाहीं. शिंप्याची टेप, महिन्याच्या ठराविक दिवशीं आणि सकाळीं उपाशीपोटीं, मला अधिक विश्वासाची वाटते. जोर ओट्यावरून पलंगापर्यंत आले आहेत, जमीन अजून लांब आहे.

परीक्षा जवळ आल्यामुळें तीन दिवसांचे दोन झाले आहेत. सध्यां गच्ची पावसानें ओली असते, म्हणून फेरी माजघरांत होते, आणि तेवढ्या वेळापुरता सासूबाई आपला टीव्ही बंद ठेवतात. काल मात्र त्यांनीं मालिका चुकल्याचा जाब विचारला, तेव्हां वेळ अर्धा तास अलीकडे घेण्याचें ठरलें.