जुन्या आठशेचा नवा साज

आमच्या शेवगावच्या घरासमोर, कडुनिंबाखाली, एक पांढरी मारुती आठशे उभी असते. पांढरी म्हणायचे ते केवळ सवयीने. आताचा तिचा रंग पाहून कोणी सायीचा म्हणेल, कोणी ताकाचा. १९९८ च्या बनावटीची ही गाडी आम्ही २००६ मध्ये जुन्या मालकाकडून घेतली. तेव्हापासून लेकीचे सासर, मोहट्याची देवी, मढीची यात्रा आणि नगरचे दवाखाने एवढ्यांना तिनेच आम्हाला पोचवले. पंधरा वर्षे पूर्ण झाल्यावर २०१३ मध्ये, मग २०१८ मध्ये आणि २०२३ मध्ये असे तीनदा आम्ही तिच्या नोंदणीचे नूतनीकरण करून घेतले. विकायचे मात्र कोणाच्या तोंडी आले नाही.

गेल्या डिसेंबरात माझा पुतण्या पुण्याहून आला. नोकरीतला पहिला बोनस खिशात होता. म्हणाला, "काका, या गाडीला मी पंचवीस हजार देतो. नगरहून परत येईल ना, तुम्ही ओळखणार नाही!" आणि त्याने कागद पुढे केला. त्यावर यादी होती : मॅगव्हील, रुंद टायर, घुमणारा सायलेन्सर, मागे स्पॉयलर, पुढे लोखंडी गार्ड, काळ्या काचा, मोठे स्पीकर आणि आकड्यांतून 'दादा' वाचता येईल अशी नंबरप्लेट. उत्तरपत्रिका तपासण्यात जन्म गेलेला मी. हात आपोआप लाल पेनाकडे गेला. पण पोराच्या डोळ्यांतला आनंद पाहिला आणि पेन खिशातच राहिले.

त्याचे चुकते कुठे? आपल्या पहिल्यावहिल्या गाडीला नटवावे असे कोणाला वाटत नाही? बैलपोळ्याला आपण शिंगे रंगवतोच की!

एका रात्रीची गोष्ट

दुसऱ्याच दिवशी माझ्या आईला तपासणीसाठी नगरला न्यायचे होते. तिचे वय चौऱ्याऐंशी. पुतण्या म्हणाला, मी चालवतो, येताना दुकानातून भावही काढू. दवाखान्यात उशीर झाला. परतताना करंजी घाट ओलांडला, तिसगाव आले, गाडी शेवगावच्या रस्त्याला लागली तेव्हा रात्रीचे नऊ वाजून गेले होते.

आमच्या भागात या दिवसांत ऊस चालू असतो. ट्रॅक्टर, त्यामागे एक ट्रॉली, त्यामागे दुसरी, आणि वर घरभर उंचीचा ऊस. मागे दिवा नाही, रिफ्लेक्टर असला तर चिखलाने किंवा पाचटाने झाकलेला. अशीच एक ट्रॉली त्या रात्री अर्ध्या रस्त्यावर बंद पडून उभी होती. आमच्या दिव्यांच्या पिवळट उजेडात ती दिसली ती अगदी समोर आल्यावरच. पुतण्याने ब्रेक दाबला. गाडी डावीकडे ओढली गेली, चाके घसरली आणि उसाच्या बुडख्यांपासून दोन हातांवर थांबली.

मागच्या सीटवर डुलकी घेत असलेल्या आईने विचारले, "आलं का शेवगाव?"

आम्ही दोघेही काही बोललो नाही.

सकाळी गाडी मिस्त्रीकडे नेली. हा माझा जुना विद्यार्थी, गणितात कच्चा, पण हाताचा पक्का. त्याने पुतण्याला गाडीखाली आडवे व्हायला लावले, बॅटरीचा झोत एकेका जागेवर धरला आणि मग त्याच कागदाच्या पाठकोऱ्या बाजूवर नवी यादी लिहिली. वर पुतण्याची यादी, मागे मिस्त्रीची. या लेखाचा विषय ती मागची यादी आहे.

गाडी कोणती, ताकद किती

आधी ही गाडी काय आहे ते नीट समजून घेतले पाहिजे. १४ डिसेंबर १९८३ रोजी इंदिरा गांधींच्या हस्ते पहिल्या आठशेची किल्ली तिच्या मालकाला मिळाली. अँबेसिडर आणि फियाट यांच्या देशात ही छोटी गाडी आली आणि पगारदार माणसाच्या घरासमोर मोटार उभी राहू लागली. १९८६ मध्ये तिचे रूप बदलले, १९९७ मध्ये नाकडोळे पुन्हा थोडे बदलले. जानेवारी २०१४ मध्ये तिचे उत्पादन थांबले. तोवर पंचवीस लाखांहून अधिक गाड्या या देशात विकल्या गेल्या होत्या. म्हणूनच आजही तिचे सुटे भाग तालुक्याच्या गावी मिळतात आणि तिचे इंजिन उघडता न येणारा मिस्त्री विरळा.

इंजिन ७९६ सीसीचे, तीन सिलिंडरचे. कार्बोरेटरच्या गाडीची ताकद चाळीस अश्वशक्तीच्याही आत. तरी ती पळते, कारण तिचे वजन साडेसहाशे किलोच्या आसपास आहे. हलकेपणा हीच तिची खरी शक्ती. स्पॉयलर, लोखंडी गार्ड, स्पीकरची पेटी असे जे जे आपण तिच्या अंगावर चढवतो, ते तिच्या या एकुलत्या गुणातून वजा होते. घुमणाऱ्या सायलेन्सरने आवाज वाढतो, वेग नाही. वेग वाढल्यासारखा वाटतो तो कानांना.

खालून वर

मिस्त्रीचे म्हणणे सरळ होते. "सर, पळवायचं नंतर बघू. आधी थांबली पाहिजे, मग दिसलं पाहिजे, मग पळू द्या, आणि उरले पैसे तर नटवा."

पहिला खर्च टायरचा. आमच्या टायरवर नक्षी भरपूर होती, म्हणून मी निर्धास्त होतो. मिस्त्रीने टायरच्या कुशीवरचे चार आकडे दाखवले : १४१५. म्हणजे २०१५ सालच्या चौदाव्या आठवड्यात तयार झालेला टायर. गावातल्या गाड्या कमी चालतात, त्यामुळे नक्षी झिजत नाही, पण रबर म्हातारे होते, कडक होते, कुशीला बारीक भेगा पडतात. असा टायर रस्ता धरत नाही. वाचकांनी आज संध्याकाळी आपल्या गाडीवरचे हे चार आकडे जरूर पाहावेत. त्यांना पैसे पडत नाहीत.

आणि रुंद टायर? आठशेचा रेडियल टायर १४५/७० आर १२ या मापाचा. त्याऐवजी तेरा इंची चाकावर १५५/६५ चा टायर चढवला तर व्यास सुमारे ५१ सेंटिमीटरवरून ५३ वर जातो. म्हणजे काटा ६० दाखवील तेव्हा गाडी प्रत्यक्षात ६३ च्या वेगाने धावत असेल. त्या लहान इंजिनाला मोठे चाक फिरवायला जास्त जोर लागेल आणि वळताना ते चाक मडगार्डला घासले तर वेगळेच. मूळ मापाचा, ताजा, चांगला टायर हाच या गाडीचा सर्वांत मोठा शृंगार.

दुसरा खर्च ब्रेकचा. गाडी डावीकडे का ओढली गेली, ते चाक उघडल्यावर कळले. पुढच्या उजव्या चाकाचा ब्रेक जाम झाला होता आणि मागच्या एका चाकाचा सिलिंडर झिरपत होता. ब्रेक ऑइल काळे पडले होते. हे तेल हवेतला ओलावा शोषून घेते, म्हणून दर दोन वर्षांनी ते बदलावे. ओलावा धरलेले तेल घाटात तापले की त्याची वाफ होते आणि पायाखालचा ब्रेक पोकळ लागतो. या गाडीत ना एअरबॅग, ना एबीएस. तेव्हा ब्रेक, टायर आणि सीटबेल्ट एवढाच आपला विमा.

तिसरा खर्च उजेडाचा, आणि मला सगळ्यात शिकवणारा तोच. दिव्यांचा उजेड पिवळा पडला की आपण जास्त वॅटचे बल्ब आणतो. त्यांनी होल्डर वितळतात, वायर तापतात आणि समोरच्याचे डोळे दिपतात. खरे दुखणे वायरींगचे असते. जुन्या गाडीत दिव्याचा सगळा प्रवाह स्टिअरिंगजवळच्या खटक्यातून फिरून येतो. खटके झिजतात, जोड गंजतात आणि बल्बपर्यंत पुरते व्होल्टेज पोचत नाही. व्होल्टेज दहा टक्क्यांनी घटले तर हॅलोजन बल्बचा उजेड दहा नव्हे, जवळजवळ तीस टक्क्यांनी घटतो. त्यावर उपाय रिलेचा : बॅटरीपासून जाड वायर थेट दिव्याकडे न्यायची, मध्ये फ्यूज घालायचा आणि खटक्याने फक्त रिले चालवायचा. बल्ब मूळचेच, ६०/५५ वॅटचे. जोडीला आतून काजळलेले रिफ्लेक्टर बदलले. पहिल्या रात्री गल्लीत दिवे लावले तेव्हा समोरच्या घरातल्या वहिनी बाहेर येऊन पाहू लागल्या, कोणाची नवी गाडी आली म्हणून!

ऊस टाकीतही

मग इंजिन. इथे मिस्त्रीने एक नवी गोष्ट सांगितली. २०२५ मध्ये देशातल्या पेट्रोलमध्ये इथेनॉलचे प्रमाण २० टक्क्यांपर्यंत पोचले. हे इथेनॉल उसापासून आणि धान्यापासून होते. म्हणजे आमच्या नेवासा-शेवगाव-पाथर्डीच्या शिवारातला ऊस आता रस्त्यावर तर आडवा येतोच, टाकीतही येतो. शेतकऱ्याचे त्यात भले होत असेल तर आनंदच आहे. परंतु १९९८ ची गाडी या इंधनासाठी बनलेली नाही. इथेनॉलने जुन्या रबरी नळ्या फुगतात, चिरतात. त्याला पाणी धरायची सवय असल्याने गाडी महिनोन्महिने उभी ठेवली तर टाकीत आणि कार्बोरेटरमध्ये गंज धरतो. शिवाय पेट्रोलच्या तुलनेत त्यात लिटरमागे सुमारे एक तृतीयांश ऊर्जा कमी, त्यामुळे सरासरी थोडी उतरते.

म्हणून आम्ही पेट्रोलच्या सगळ्या रबरी नळ्या बदलून इथेनॉल सोसणाऱ्या घातल्या. पेट्रोलचा आणि हवेचा फिल्टर नवा, प्लग नवे, कार्बोरेटर उघडून साफ, व्हॉल्व्हचे अंतर मापात. इंजिनात नवे काहीच घातले नाही, पण गाडीने चढावर पूर्वीसारखा दम खाणे सोडले. तिची मूळची ताकदच गेली कित्येक वर्षे वाटेत कुठेतरी हरवत होती, ती परत मिळाली.

कायद्याची चौकट

आता पुतण्याच्या यादीकडे. मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ सांगते की, कारखान्याने ठरवलेल्या आणि नोंदणी पुस्तकात लिहिलेल्या मूळ बाबी बदलतील असे फेरफार मालकाने करू नयेत. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये हेच बजावले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनुसार अशा प्रत्येक फेरफाराला पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्हीही होऊ शकते. लोखंडी गार्डवर केंद्राने डिसेंबर २०१७ मध्येच बंदीचे आदेश दिले. काचांतून पुढे-मागे ७० आणि बाजूंनी ५० टक्के प्रकाश आरपार गेलाच पाहिजे. 'दादा' लिहिलेली पाटी तर उच्च सुरक्षा नंबरप्लेटच्या काळात विसरलेलीच बरी. रंग बदलता येतो, मात्र तशी नोंद पुस्तकात करून घ्यावी लागते. गॅस किटचेही तसेच : मान्यताप्राप्त किट, मान्यताप्राप्त केंद्र आणि पुस्तकात नोंद. वाहनांच्या अशा चाचण्या घेणारी व्हीआरडीई ही संस्था आपल्या नगरजवळच आहे, हे जाता जाता सांगायला हवे. विम्याचीही गोष्ट लक्षात ठेवावी : कंपनीला न कळवता केलेला फेरफार ऐन वेळी दाव्याच्या आड येतो.

उरलेले चार हजार

हिशोब असा झाला. चार टायर तेरा हजार, ब्रेक साडेतीन, दिवे अडीच, नळ्या आणि ट्यूनिंग दोन. एकूण एकवीस हजार. हे आमच्या गाडीचे बिल. तुमच्या गाडीचे दुखणे वेगळे, त्यामुळे आकडाही वेगळा येईल.

उरलेल्या चार हजारांत पुतण्याने गाडी नटवली. रबराचे मॅटिंग काढले तेव्हा खाली ओल आणि गंज निघाला. तो घासून वर गंजरोधक लेप दिला. दारांच्या बुडाची पाणी निघायची भोके काडीने मोकळी केली. दोन दिवस स्वतः रबिंग आणि पॉलिश केले. कापडी सीटकव्हर घातली, आजीच्या पाठीला बरी म्हणून. मिस्त्रीने चाकांच्या लोखंडी डिस्कना चंदेरी रंग मारून दिला, त्याचे पैसे घेतले नाहीत. गाडी पुन्हा पांढरी झाली. खरोखर पांढरी.

शेवटी त्याने लाल रिफ्लेक्टरची चिकटपट्टी आणली. मागच्या बंपरवर दोन तुकडे लावले, तरी बरीच उरली.

परत पुण्याला जाण्याच्या आदल्या संध्याकाळी आम्ही आजीला घेऊन चक्कर मारायला निघालो. नाक्यावर उसाचा एक ट्रॅक्टर उभा होता, ड्रायव्हर चहा पीत होता. पुतण्याने गाडी बाजूला घेतली, काही न बोलता उतरला, मागच्या ट्रॉलीची फळी रुमालाने पुसली आणि उरलेली सगळी पट्टी तिथे लावून टाकली. ड्रायव्हर पेला हातात धरून पाहत राहिला. मग म्हणाला, "पुढच्या ट्रॉलीलाबी लावा की, भाऊ."

"उद्या आणून देतो," पुतण्या म्हणाला.

आणि सकाळी एसटी स्टँडवर जाण्याआधी खरेच देऊन आला.