हेलियमची खबर

जत्रेतला फुगा हातून सुटला की भुर्रकन वर जातो ना? त्यात हेलियम असतो. हाच वायू ज्वालामुखीच्या पोटातली खबरही आणतो, बरं का!

जपानजवळ समुद्राचा तळ जमिनीखाली सरकतो आहे. जाताना तो पाणी आणि कार्बन सोबत नेतो. खोलवर पाणी सुटते, तप्त खडकात शिरते आणि खडक वितळू लागतो. त्याचाच शिलारस होतो. ज्वालामुखीवाटे तेच पाणी वाफ होऊन पुन्हा हवेत!

हेलियमचे दोन भाऊ. हेलियम-३ हा बहुतेक पृथ्वीच्या जन्मापासून खोल दडलेला, तर हेलियम-४ युरेनियम-थोरियमपासून आजही तयार होतो. दोघेही कुणाशी संयोग पावत नाहीत. म्हणून झऱ्याच्या वायूत हेलियम-३ चे प्रमाण वाढले, की ओळखावे, खाली शिलारसाची हालचाल आहे!

२७ सप्टेंबर २०१४. शनिवारची दुपार. जपानच्या ओन्ताके पर्वतावर गिर्यारोहकांची गर्दी होती. अचानक स्फोट झाला. ६३ जण मृत्युमुखी पडले वा बेपत्ता झाले.

शास्त्रज्ञ १९८१ पासून तिथल्या गरम झऱ्यांतला वायू अधूनमधून तपासत होते. स्फोटानंतर त्यांनी पुन्हा नमुने घेतले. शिखराला सर्वांत जवळच्या झऱ्यात हेलियम-३ चे प्रमाण २००३ पेक्षा बरेच वाढलेले निघाले! खबर येत होती, पण ती वाचली गेली स्फोटानंतर.

हेलियम स्फोटाचा दिवस सांगू शकत नाही. पण झरे नेमाने तपासले, तर ‘सावध राहा’ एवढे तरी तो वेळेवर सांगेल. काय, पटतंय ना?