नसबंदीनंतर कुत्रीला वेदनाशामक देताना

चार किलोच्या पॉमेरेनियनला माणसाची ४०० मिलिग्रॅमची आयबुप्रोफेन दिली, तर मात्रा होते किलोमागे १०० मिलिग्रॅम. जठरात व्रण पडून रक्तस्राव व्हायला तेवढी पुरते. म्हणून घरातली गोळी अर्धी करूनसुद्धा देऊ नका.

नसबंदीत बीजांडकोश आणि बहुतेकदा गर्भाशयही काढतात. दुखणारच. पण कुत्री केकाटेलच असं नाही. ती कोपऱ्यात जाऊन बसते, पाठ बाकदार करते, उगाच धापा टाकते. पशुवैद्य अनेकदा मेलॉक्सिकॅमचं पातळ औषध देतात: पहिल्या दिवशी किलोमागे ०.२ मिलिग्रॅम, पुढे रोज ०.१. ते प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्यं कमी करतं, म्हणून सूज आणि वेदना उतरते. पण जठराचं अस्तर आणि मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा याच द्रव्यांच्या भरवशावर असतो. त्यामुळे हे औषध खाण्यासोबत, सिरिंजनं मोजून, सांगितले तेवढेच दिवस द्यायचं. उलटी झाली, शी काळी दिसली किंवा तिनं खाणं सोडलं, तर पुढचा डोस थांबवून डॉक्टरांना लगेच फोन करा.

जखम चाटू नये म्हणून गळ्यात घातलेल्या शंकूसारख्या कॉलरमुळे ती बिचारी वैतागते, तरी ती कॉलर काढू नका. चाटून चाटून टाके सुटतात. आंघोळ आणि सोफ्यावरच्या उड्या दहा ते चौदा दिवस बंद.