यादवीच्या काळातील दैनंदिन जीवन : पटवर्धनी पत्रे व पेशवे रोजनिशी यांचा साधन म्हणून विचार

प्रस्तावना

पेशवाईतील यादवीचा विषय निघाला की मराठी वाचकास प्रथम आठवते ते एक पत्र. नारायणराव पेशवे यांच्या वधाशी (३० ऑगस्ट १७७३) जोडलेली 'ध चा मा' ही कथा शाळकरी वयापासून परिचित असते. ही कथा बखरी व परंपरा यांतून रूढ झाली असून तिच्या सत्यासत्यतेविषयी इतिहासकारांत एकमत नाही. मात्र या एका पत्राच्या प्रसिद्धीमुळे त्याच काळातील शेकडो साध्या पत्रांकडे दुर्लक्ष झाले. छावणीत धान्य काय भावाने मिळते, घोड्यांना वैरण आहे किंवा नाही, शिलेदारांचा रोजमुरा किती तटला आहे, घरी कोण आजारी आहे, अशा मजकुराची ही पत्रे आहेत. युद्ध प्रत्यक्ष जगणाऱ्या माणसांचा अनुभव समजून घ्यावयाचा असेल तर अशाच कागदांकडे वळावे लागते. सातारा व सांगली परिसरात जतन झालेल्या वा उजेडात आलेल्या कागदांच्या आधारे या अनुभवाचे स्वरूप काय दिसते आणि त्याच्या मर्यादा कोणत्या, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

यादवीची पार्श्वभूमी

मराठी राज्यातील अंतर्गत संघर्षाचा साताऱ्याशी निकटचा संबंध आहे. १७०७ मध्ये शाहू महाराज मोगलांच्या कैदेतून सुटून आल्यानंतर त्यांचा व ताराबाईंचा संघर्ष झाला व १२ जानेवारी १७०८ रोजी साताऱ्यास शाहूंचा राज्याभिषेक झाला. शाहूंच्या निधनानंतर १७५० च्या अखेरीस ताराबाईंनी रामराजास सातारच्या किल्ल्यात कैद केले. त्यांच्या मदतीस दमाजी गायकवाड गुजरातेतून साताऱ्यापर्यंत फौज घेऊन आले.

पुढील संघर्ष पेशव्यांच्या घरातील होता. पानिपतनंतर माधवराव पेशवे झाले, तेव्हा त्यांचे वय सोळा वर्षांचे होते. चुलते रघुनाथराव यांच्याशी त्यांचे बिनसले व नोव्हेंबर १७६२ मध्ये घोडनदी व आळेगाव येथे दोन्ही पक्षांत लढाया झाल्या. माधवरावांनी शरणागती पत्करली. त्यानंतर रघुनाथरावांनी माधवरावांच्या पक्षातील गोपाळराव पटवर्धन यांच्याकडून मिरज घेतली. १७६१ मध्ये गोविंद हरी पटवर्धन यांच्याकडे आलेले हे ठाणे दोन वर्षांच्या आतच हातचे गेले आणि गोपाळराव निजामाच्या आश्रयास गेले. मे १७६३ मध्ये निजामाच्या फौजेने पुणे लुटून जाळले. पुण्यातील अनेक कुटुंबे सिंहगडासारख्या किल्ल्यांच्या आश्रयास गेली. १० ऑगस्ट १७६३ रोजी राक्षसभुवन येथे निजामाचा पराभव झाला व पुढे पटवर्धनांना मिरज परत मिळाली.

दशकभराने नारायणरावांच्या वधानंतर बारभाईंचे कारस्थान उभे राहिले. ४ मार्च १७७४ रोजी पंढरपूरजवळ कासेगाव येथे रघुनाथरावांनी त्रिंबकराव पेठे यांचा पराभव केला. १८ एप्रिल रोजी पुरंदरावर सवाई माधवरावांचा जन्म झाला व त्यांच्यासाठी पेशवेपदाची वस्त्रे साताऱ्याहून आणविण्यात आली. रघुनाथराव अखेर इंग्रजांकडे गेले आणि ६ मार्च १७७५ रोजी सुरतेचा तह झाला.

साधनांची उपलब्धता

या काळातील खासगी व निमखासगी कागद मोठ्या प्रमाणावर उजेडात आले ते याच परिसरातील अभ्यासकांच्या परिश्रमाने. मिरजेच्या शाळेत संस्कृत शिकविणारे वासुदेवशास्त्री खरे यांनी पटवर्धनांच्या दप्तरातील पत्रे वाचून, त्यांचा क्रम लावून १८९७ पासून 'ऐतिहासिक लेखसंग्रह' प्रसिद्ध करण्यास प्रारंभ केला. १८९८ मध्ये वि. का. राजवाडे यांच्या 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंड निघाला. त्यातील पानिपतकालीन कागद वाई येथे हाती आले होते. नाना फडणीस यांचा जन्म साताऱ्याचा व वाडा वाईजवळील मेणवलीचा. तेथील दप्तर द. ब. पारसनीस यांनी अभ्यासकांपुढे आणले. पारसनीसांचा साताऱ्यातील संग्रह १९३९ मध्ये पुण्याच्या डेक्कन कॉलेजात गेला.

पत्राचा घाट व त्यातील दैनंदिन तपशील

मराठी लष्करी पत्र ठरलेल्या घाटाचे असते. आरंभी नाते व दर्जा यांनुसार मायना, नंतर क्षेमकुशल, मग 'विशेष' म्हणून मुख्य मजकूर आणि शेवटी 'बहुत काय लिहिणे' यासारखा समारोप. लिहिणारा बहुधा कारकून व सांगणारा सरदार. कागद काशिदाच्या वा जासुदाच्या हाती रवाना होई. अशा साचेबंद रचनेत दैनंदिन जीवन येते ते प्रामुख्याने चार प्रकारांनी.

पहिला प्रकार उपजीविकेचा. धान्याची धारण, वैरणीची टंचाई, कही करण्यासाठी गेलेले लोक व जनावरे यांचे उल्लेख वारंवार येतात. फौजेबरोबर बुणग्यांचा मोठा जमाव असल्याने दूर अंतरावर झालेल्या लढाईपेक्षा जवळच्या बाजारातील भाववाढ अधिक जाचक ठरे. दुसरा प्रकार पैशाचा. रोजमुरा, नालबंदी, सावकाराचे कर्ज व हुंडी यांचा घोर सरदारास रात्रंदिवस असे. यादवीत या चिंतेस आणखी एक पदर होता. पगार तटलेला शिलेदार निराश होऊन घरी जाईल एवढीच भीती नसे, तर तो समोरच्या पक्षात जाईल अशीही असे, कारण तेथेही त्याचे भाऊबंदच असत. तिसरा प्रकार घरचा. मुंज, लग्न, बाळंतपण, दुखणे, श्राद्ध यांची विचारपूस मोहिमेच्या वर्तमानाला लागूनच येते. चौथा प्रकार ऋतूचा. पाऊस, नदीचे पाणी व उतार यांवर मुक्कामाचा निर्णय अवलंबून असे.

हे तपशील संपादकास आणखी एका कारणाने मोलाचे ठरतात. पुष्कळ पत्रांवर चंद्र व महिना असतो, परंतु वर्ष नसते. अशा वेळी अधिक मासाचा उल्लेख, कोणाचे लग्न, कोणाचे दुखणे यांवरून पत्राचे वर्ष ठरवावे लागते. म्हणजे ज्यास किरकोळ मजकूर म्हणून सोडून दिले जाते, त्यावरच लढायांचा कालक्रम अनेकदा उभा असतो.

भाषा आणि मौन

परकीयांशी झालेल्या युद्धातील पत्रे व यादवीतील पत्रे यांत एक महत्त्वाचा भेद आहे. यादवीत प्रतिपक्षाचे नाव घेतानाही नात्याची भाषा सुटत नाही. बारभाईंच्या पक्षातील लेखकही रघुनाथरावांचा उल्लेख 'दादासाहेब' असाच करीत. त्यामुळे केवळ संबोधनावरून पत्रलेखकाचा पक्ष ठरविणे धोक्याचे आहे. आज ज्यांच्याविरुद्ध लढावयाचे त्यांच्याच पंक्तीस उद्या बसावे लागेल, ही जाणीव या आदरार्थी भाषेमागे असावी. पटवर्धनांचा १७६२-६३ मधील अनुभव तिला पुष्टी देणारा आहे.

दुसरी बाब मौनाची. पत्र वाटेत पकडले जाण्याची धास्ती असल्याने नाजूक मजकूर लिहिला जात नसे आणि तो पत्र आणणाऱ्याच्या मुखजबानीवर सोपविला जाई. त्यामुळे यादवीच्या सर्वांत कठीण प्रसंगी पत्रे सर्वांत त्रोटक असण्याचा संभव असतो. कागद आखूड म्हणून प्रसंग किरकोळ, असा निष्कर्ष काढता येत नाही.

सामान्यांचा अनुभव : रोजनिशीतील नोंदी

अमेरिकेतील यादवी युद्धात (१८६१-६५) दोन्ही बाजूंचे असंख्य सैनिक साक्षर होते व टपालाची सोय होती. त्यामुळे साध्या शिपायाने घरी लिहिलेली पत्रे व खासगी रोजनिशा तेथे विपुल आहेत. अठराव्या शतकातील मराठी शिपायाचे असे कागद मिळत नाहीत. मराठीत 'रोजनिशी' हा शब्द होता, परंतु ती व्यक्तीची नव्हे, दप्तराची होती. गणेश चिमणाजी वाड यांनी निवडलेले सातारकर राजे व पेशवे यांच्या रोजनिशांतील उतारे विसाव्या शतकाच्या प्रारंभी प्रसिद्ध झाले. त्यांत भावना नाहीत, नोंदी आहेत. तथापि सामान्य माणूस सापडतो तो येथेच. फौजेने पीक तुडविल्यामुळे गावास दिलेली सूट, परागंदा रयतेने परत यावे म्हणून दिलेला कौल, पडीक जमीन लागवडीस यावी म्हणून वर्षागणिक वाढत जाणारा इस्तावा, लढाईत पडलेल्या शिपायाच्या मुलांसाठी बालपरवेशी, या नोंदी म्हणजे युद्धाने उद्ध्वस्त झालेल्या घरांची जमाखर्चाच्या भाषेतील हकीगत होय. पत्रात सरदाराची चिंता दिसते, तर रोजनिशीत त्या चिंतेची किंमत मोजणारे गाव दिसते. दोन्ही साधने एकत्र वाचल्याविना चित्र पुरे होत नाही.

स्मृतिलेखनाशी तुलना

विष्णुभट गोडसे यांचा 'माझा प्रवास' हा १८५७ च्या धामधुमीचा मराठीतील प्रसिद्ध वृत्तांत. झाशीच्या वेढ्यातील भय, तहान, लूट यांचे त्यातील चित्र कोणत्याही सरदारी पत्रात सापडणार नाही. तथापि हा वृत्तांत घटनांनंतर सुमारे पंचवीस वर्षांनी लिहिला गेला. १९०७ मध्ये चिं. वि. वैद्य यांनी तो प्रसिद्ध केला तेव्हा त्यात फेरफार झाले होते आणि मूळ पाठ दत्तो वामन पोतदार यांनी १९६६ मध्ये प्रकाशात आणला. अमेरिकेतील मेरी चेस्नट यांची विख्यात रोजनिशीही त्यांनी १८८० च्या दशकात स्वतः नव्याने लिहून काढलेली होती आणि ती १९०५ मध्ये प्रसिद्ध झाली. अशा लेखनात शेवट लेखकास ठाऊक असतो. पत्रलेखकास तो ठाऊक नसतो. १७६३ च्या उन्हाळ्यात निजामाच्या छावणीत असलेल्या पटवर्धनांस मिरज परत मिळेल हे माहीत नव्हते. ही अनिश्चितता हा यादवीतील दैनंदिन अनुभवाचा गाभा असून ती पत्रांतच जशीच्या तशी टिकते. जगण्याचा सलग व जिवंत तपशील मात्र स्मृतिलेखनातच मिळतो.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून तीन गोष्टी स्पष्ट होतात. एक, यादवीकालीन मराठी पत्रांतील घरगुती व आर्थिक मजकूर हा राजकीय इतिहासाचा उरलासुरला भाग नसून त्याचा आधार आहे. दोन, या पत्रांतील अनुभव प्रायः सरदार व कारकून यांचा आहे. तोच सर्व समाजाचा मानणे अयोग्य ठरेल. शिपाई, रयत व स्त्रिया यांच्यापर्यंत पोहोचण्यासाठी रोजनिशी, कौल व हिशेब यांची जोड आवश्यक आहे. तीन, या कागदांपैकी छापले गेले ते निवडलेले उतारे होत. निवड करणाऱ्यांचे लक्ष स्वाभाविकपणे राजकारणाकडे होते, त्यामुळे धारण, रोजमुरा व दुखणी यांचे कागद अद्याप मोडीतच, रुमालांत बांधलेले असणे संभवनीय आहे. ते वाचावयाचे तर मोडी लिपीचे ज्ञान इतिहासाच्या विद्यार्थ्यास हवे, आणि ते ज्ञान देण्याची जबाबदारी महाविद्यालयांतील इतिहास विभागांनी स्वीकारली पाहिजे. मिरजेच्या एका शाळाशिक्षकाने हे काम एकट्याने आरंभिले होते, हे येथे ध्यानात घेणे उचित होईल.